जॅक्सनव्हिल, ओरेगन: रेल्वे चुकली म्हणून टिकलेलं गाव

क्रेटर लेक बघायला जाणारी आपली बहुतेक मंडळी मेडफर्डला हायवेलगतच्या मोटेलात रात्र काढतात, सकाळी तळं बघतात आणि संध्याकाळी पोर्टलंडची नाहीतर बे एरियाची वाट धरतात. त्या मोटेलपासून पश्चिमेला जेमतेम ५ मैलांवर जॅक्सनव्हिल आहे. तिथे निदान एक रात्र राहा, हे सांगण्यासाठीच हा वृत्तांत लिहिते आहे. आणि राहणार असाल तर गाव कुठल्या क्रमाने बघायचं, तेही सांगायचं आहे. आमच्या बाबतीत त्या क्रमामुळेच सगळा फरक पडला.

आम्ही मे महिन्याच्या सुरुवातीला गेलो. नवरा, लेक, मी आणि साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा. पोर्टलंडहून आय-५ ने सरळ दक्षिणेला सुमारे २७० मैल, न थांबता साडेचार तास. वयस्कर माणसं सोबत असतील तर सहा धरा. सॅन फ्रान्सिस्कोकडून येणाऱ्यांनाही साधारण सहा तास लागतात. त्या बाजूने येताना सिस्कियू घाट लागतो. तो ४,३०० फुटांच्या वर आहे आणि नोव्हेंबर ते मार्च तिथे बर्फ कधीही पडतो, तेव्हा गाडीत चेन ठेवा.

गाव पहिल्या भेटीतच आवडतं. कॅलिफोर्निया स्ट्रीट हा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना विटांच्या एकमजली-दुमजली इमारती, खिडक्यांना लोखंडी कवाडं, मागे लगेच चढत गेलेली जंगलाची टेकडी. ही कवाडं शोभेची नाहीत. सुरुवातीचं गाव लाकडी होतं, पुन्हा पुन्हा आगी लागायच्या, म्हणून व्यापाऱ्यांनी विटा आणि लोखंड वापरायला सुरुवात केली. १८५० ते १८८० च्या दशकांतलं हे सगळं जागच्या जागी उभं आहे. १९६६ साली गावाचा मध्यभाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला. दुकानांत आइस्क्रीम, जुन्या वस्तू आणि वाइन मिळते. बरेच पर्यटक ते घेऊन, दोन-चार फोटो काढून दोन तासांत निघून जातात.

माझं म्हणणं असं, की गावात आधी शिरूच नका. आधी टेबल रॉकवर जा.

मेडफर्डच्या उत्तरेला, रोग रिव्हरच्या काठाजवळ सपाट माथ्याचे दोन डोंगर आहेत, अप्पर आणि लोअर टेबल रॉक. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी लाव्हा या खोऱ्यातून वाहत आला आणि थिजला. पुढे आजूबाजूची मऊ माती-खडक झिजून गेले आणि लाव्हाचे हे दोन तुकडे खोऱ्यापासून ८०० फूट उंच उभे राहिले. अप्परची वाट एका बाजूने सव्वा मैल आणि चढ साधारण ७०० फूट. माझी आई सत्तरीच्या पुढची आहे. काठी घेऊन, थांबत थांबत ती वर पोचली. लोअरची वाट जास्त लांब आहे, त्यामुळे एकच करायचा असेल तर अप्पर करा.

वर पोचताच बाबा म्हणाले, "हा तर आपला सडा आहे." आणि खरंच, कासच्या पठाराला जी गोष्ट लागू पडते तीच इथेही आहे. कातळावर बोटभर माती, पाऊस पडला की उथळ डबकी साठतात आणि ती आटता आटता त्यांच्या कडेने फुलांची वर्तुळं उमटतात. एप्रिल ते मेचा मध्य हा हंगाम. मेडोफोम या रानफुलाची एक ठेंगणी, पांढरी जात जगात फक्त या दोन माथ्यांवर आढळते. डबक्यांत फेअरी श्रिंप नावाचे इवलेसे जीव असतात. कोरड्या महिन्यांत त्यांची अंडी मातीत पडून राहतात आणि पाणी आलं की पुन्हा जिवंत होतात. तेव्हा पायवाट सोडू नका, फोटोसाठी फुलांत बसू नका. कुत्र्यांना इथे बंदी आहे. वाटेच्या दोन्ही कडेला पॉयझन ओक भरपूर आहे. तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला की हात लावायचा नाही, कारण त्याने अंगाला आठवडाभर खाज सुटते. मुलांना पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालाच. उन्हाळ्यात रॅटलस्नेक आणि वसंतात गोचिडी, दोन्हींपासून सावध राहावं. पाणी वर मिळत नाही.

पण टेबल रॉकवर आधी जा म्हणते ते फुलांसाठी नाही. वरून अख्खं खोरं दिसतं आणि हे खोरं कुणाचं होतं ते तिथे उभं राहिल्यावर नीट समजतं. इथे टाकेल्मा हे मूळनिवासी लोक राहत होते. नदीतला सामन, ओकची एकॉर्न, कॅमसचे कंद यांवर त्यांचं वर्ष चालायचं. जॅक्सनव्हिल वसलं तेव्हा त्याचं पहिलं नाव टेबल रॉक सिटी असं होतं, म्हणजे गावाने आपलं नावसुद्धा या डोंगरावरून घेतलं होतं.

लोअर टेबल रॉकच्या पायथ्याशी १० सप्टेंबर १८५३ ला तह झाला. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली ते हेच साल. टाकेल्मांच्या प्रमुखांनी २,००० चौरस मैलांहून जास्त जमीन सोडली. बदल्यात ६०,००० डॉलर ठरले, तेही हप्त्याहप्त्याने आणि वस्तूंच्या रूपात. त्यातलेही १५,००० डॉलर वसाहतवाल्यांच्या नुकसानभरपाईसाठी कापून ठेवले. टाकेल्मांना टेबल रॉकच्या आसपासचा एक पट्टा राखीव म्हणून मिळाला. तो दोन वर्षंच टिकला. ऑक्टोबर १८५५ मध्ये जेम्स लप्टन नावाच्या माणसाने स्वयंसेवकांची टोळी जमवून लिटल ब्यूट ओढ्याजवळच्या तळावर पहाटे हल्ला केला. मेलेल्यांत म्हातारे, बायका आणि मुलं होती. त्यातून रोग रिव्हरचं शेवटचं युद्ध पेटलं. १८५६ च्या फेब्रुवारीत टेबल रॉकवरच्या ३२५ लोकांना उत्तरेकडे ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात चालत नेलं. ३३ दिवस, २६३ मैल. बरोबरच्या सरकारी अधिकाऱ्याने रोजनिशी ठेवली होती. तिच्यात शेवटी नोंद आहे की वाटेत आठ माणसं मेली आणि आठ मुलं जन्मली, त्यामुळे संख्या तेवढीच राहिली.

हे मी तिथेच, कातळावर बसून लेकीला सांगितलं. तिच्या शाळेत ओरेगन ट्रेल, म्हणजे वसाहतवाल्यांची पश्चिमेकडची वाट, शिकवतात, बैलगाड्यांचे नकाशे ती काढून आणते. तिने विचारलं, "मग ते लोक परत आले का?" आले. टाकेल्मांचे वंशज आज ग्रँड रोंड आणि सिलेट्झ या जमातींच्या संघांत आहेत. अॅग्नेस बेकर पिल्ग्रिम या टाकेल्मा आजींनी १९९४ साली याच भागात सामनचा सोहळा पुन्हा सुरू केला. २०१९ मध्ये त्या गेल्या. टेबल रॉकवरून उतरून गावात गेलात तर विटांच्या त्या सुंदर इमारती पुऱ्या गोष्टीसकट दिसतात. आधी गाव पाहिलं असतं तर हा भाग एखाद्या पाटीवरच्या दोन ओळींपुरता उरला असता.

आता गाव.

१८५१-५२ च्या हिवाळ्यात क्लगेज आणि पूल हे दोन खेचरवाले इथे आले. विलामेट खोऱ्यातून कॅलिफोर्नियाच्या खाणींकडे माल पोचवायचा हा त्यांचा धंदा होता. रिच गल्च नावाच्या ओहोळात त्यांना सोनं सापडलं. बातमी फुटली आणि काही महिन्यांत हजारो माणसं तंबू ठोकून बसली. शेतकरी त्यांच्या मागोमाग आले, किंबहुना काही आधीच वाटेवर होते. १८४६ मध्ये जेसी आणि लिंडसे अॅपलगेट या भावांनी दक्षिणेकडून ओरेगनला येणारी नवी वाट आखली होती. १८४३ साली कोलंबिया नदीच्या खळाळात त्यांच्या घरातली मुलं बुडाली होती. पुन्हा कुणाला त्या नदीतून जावं लागू नये, या दुःखातून ती वाट निघाली. जमिनीचा लोभही तितकाच खरा. १८५० च्या कायद्याने आधी आलेल्या गोऱ्या जोडप्याला ६४० एकर फुकट मिळत, नंतर आलेल्यांना ३२०, आणि त्यातली निम्मी जमीन बायकोच्या नावावर होई. हा कायदा झाला तेव्हा टाकेल्मांशी ती जमीन घेण्याचा कुठलाही करार झालेला नव्हता.

फिरायला सुरुवात जुन्या रेल्वे स्टेशनपासून करा. १८९१ चं छोटंसं लाकडी स्टेशन आहे, आता तिथे माहिती केंद्र आहे. पायी फिरण्याचा नकाशा तिथे मागून घ्या. तो हातात असला की वाटाड्याची गरज लागत नाही. उन्हाळ्यात ट्रॉलीतून फेरी असते, गुडघे दुखणाऱ्यांना ती बरी. बाकी गाव सपाट आहे, फूटपाथ चांगले आहेत. ढकलखुर्ची किंवा बाबागाडी मुख्य रस्त्यावर सहज जाते.

कॅलिफोर्निया स्ट्रीटवर १८६३ ची बीकमनची बँक आहे. कॉर्नेलियस बीकमन सुरुवातीला घोड्यावरून सिस्कियू ओलांडून कॅलिफोर्नियातल्या वायरीकापर्यंत सोन्याची भुकटी आणि पत्रं नेत असे. पुढे त्याने पेढी काढली. ही पेढी ठेवीवर व्याज देत नसे, उलट सोनं सांभाळण्याचे पैसे घेई, आणि लोक ते आनंदाने देत, कारण तंबूत सोनं ठेवून झोप कुणाला लागणार? १९१५ मध्ये तो वारला, पेढी बंद झाली आणि आतलं सगळं तसंच राहिलं. सोनं तोलायचा तराजू, गल्ला, कपाटं, सगळं. उन्हाळ्यात काही दिवस आत जाता येतं. आम्ही गेलो तेव्हा बंद होतं, पण काचेला नाक लावून बरंच दिसतं. बाबांनी तिथे पंधरा मिनिटं घालवली. बीकमनचं राहतं घर याच रस्त्यावर पूर्वेला आहे. तेही उन्हाळ्यातच उघडतं, तेव्हा घरांची आतली मांडणी बघायची असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये या आणि निघायच्या आधी वेळा तपासा.

त्याच चौकात १८८० चं यूएस हॉटेल आहे. त्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष हेज इथे मुक्कामाला उतरले होते. पदावर असताना पश्चिम किनाऱ्यावर आलेले ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. हॉटेलची मालकीण मादाम होल्ट हिने एवढं मोठं बिल लावलं की त्यांच्या माणसांचे डोळे विस्फारले, अशी गोष्ट गावात अजून सांगतात.

आईला मात्र सगळ्यात भावली ती जेन मॅककलीची हकीगत. तिचा नवरा डॉक्टर. त्याने १८६० च्या सुमारास मोठं घर बांधलं, कर्जात बुडाला आणि बायको-मुलांना टाकून गाव सोडून गेला. जेन डगमगली नाही. ती पाव आणि पाय (pie) भाजून खाणकामगारांना विकत होती. मग तिने घरातच शाळा काढली आणि घर राखलं. ते पांढरं घर आजही उभं आहे आणि तिथे प्रवासी उतरतात. आई बाहेरच्या कठड्याशी उभी राहून म्हणाली, "खानावळ चालवून मुलं शिकवणाऱ्या बायका सगळीकडे सारख्याच." पायोनियर म्हटलं की बंदूक घेतलेला दाढीवाला माणूस डोळ्यासमोर येतो. मला विचाराल तर या गावाचं पुढारपण जेनकडे होतं.

१८५४ चं मेथडिस्ट चर्च आणि १८५८ चं सेंट जोसेफ चर्च एकमेकांपासून जवळ आहेत. पहिल्याच्या बांधकामाला एका रात्रीच्या जुगाराची कमाई दिली गेली, असं सांगतात. दुसऱ्याशी जोडलेल्या नन्सनी १८६८-६९ च्या देवीच्या साथीत घरोघरी जाऊन रोग्यांची सेवा केली. बाकीचे लोक तेव्हा दारं लावून बसले होते.

पीटर ब्रिटसाठी वेगळा वेळ ठेवा. हा स्वित्झर्लंडहून आलेला चित्रकार. १८५२ च्या शेवटी कॅमेऱ्याचं सामान गाडीत घालून इथे पोचला, थोडं सोनं शोधलं, थोडा मालवाहतुकीचा धंदा केला आणि मग पन्नास वर्षं फोटो काढत राहिला. खाणकामगार, टाकेल्मा, चिनी, नवरा-नवरी, मेलेली बाळं, सगळ्यांचे. दक्षिण ओरेगनचं त्या काळचं रूप आपण आज बघतो ते बहुतांशी त्याच्या काचेवरच्या फोटोंमुळे. शिवाय त्याने द्राक्षं लावली, वाइन केली, फळझाडांचे प्रयोग केले. आज या खोऱ्यात नाशपातीच्या आणि द्राक्षांच्या बागा दिसतात, त्यांच्या मुळाशी त्याच्यासारखेच लोक आहेत. त्याचं घर पुढे आगीत गेलं, पण टेकडीवरची बाग आहे. तिथे एक अवाढव्य सिकोया उभा आहे. पहिला मुलगा एमिल जन्मला त्या दिवशी, २२ मार्च १८६२ ला, ब्रिटने तो लावला. लेकीने त्याच्या बुंध्याला मिठी मारायचा प्रयत्न केला, आम्ही सगळ्यांनी हात जोडूनही वेढा पुरा झाला नाही.

याच बागेच्या उतारावर १९६३ पासून उघड्यावरचा संगीत महोत्सव भरतो. जून ते सप्टेंबर कार्यक्रम असतात. ऐकायला यायचं असेल तर फारच छान, चटई आणि अंगावर घ्यायला शाल आणा, कारण सूर्य मावळला की गारवा येतो. फक्त गाव बघायचं असेल तर कार्यक्रमाची संध्याकाळ टाळा. गाडी लावायला जागा मिळत नाही आणि खोल्यांचे दर चढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिनी वस्तीची जागा शोधत मेन स्ट्रीटवर गेलो. ओरेगनमधली ही पहिली चिनी वस्ती समजली जाते. आज तिथे एकही जुनी इमारत नाही, फक्त फलक आहे. गोऱ्या खाणकामगारांनी सोडून दिलेल्या जागा पुन्हा धुऊन चिनी माणसं त्यातून सोनं काढत. ओरेगनच्या राज्यघटनेने नव्याने येणाऱ्या चिन्यांना जमीन घ्यायला आणि खाणीवर हक्क सांगायला बंदी केली होती. ती घटना १८५७ ची, राज्य १८५९ चं. १८८८ मध्ये जळून गेलेल्या एका चिनी घराचे अवशेष २०१३ च्या उत्खननात सापडले. विटांच्या इमारती ज्यांना परवडल्या त्यांचं उभं राहिलं, बाकीच्यांचं मातीखाली गेलं. म्हणून हा रिकामा तुकडा चुकवू नका.

आणि हे नीट समजून घ्यायचं असेल तर गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर अॅपलगेट खोऱ्यात जिन लिन ट्रेल आहे, तिथे जा. पाऊण मैलाची सोपी फेरी आहे, लहान मुलांना सहज जमते. जिन लिन हा चिनी खाणमालक आणि मुकादम. १८८१ मध्ये त्याने इथे काम सुरू केलं. डोंगरातून पाट काढून पाणी आणायचं, ते लोखंडी नळातून प्रचंड दाबाने उतारावर सोडायचं, अख्खी कड ढासळवायची आणि तो चिखल लाकडी पन्हाळ्यांतून वाहू द्यायचा, म्हणजे जड सोनं तळाशी राहतं. पाटांचे चर, हाताने रचलेले दगडांचे ढीग, कापलेल्या कडा, सगळं झाडीत अजून दिसतं. खाली ओढ्याचं काय झालं असेल तेही दिसतं. माशांच्या नद्या गाळाने भरल्या, आणि त्याच माशांवर टाकेल्मा जगत होते. सगळ्या प्रवासात इतकं काही एका जागी मला दुसरीकडे कळलं नाही. माहितीपत्रक आधी फोनवर उतरवून घ्या, खोऱ्यात नेटवर्क जातं. पॉयझन ओक इथेही आहे.

टेकडीवरच्या स्मशानभूमीत संध्याकाळी गेलो. आई आधी नको म्हणत होती, पण तिथे उदास वाटत नाही. मद्रोनाच्या लालसर खोडांची झाडी, मोकळी हवा. पहिली दफनं १८५९ ची आहेत. कॅथलिक, ज्यू, शिवाय फ्रीमेसन आणि ऑड फेलो या बंधुसंघटना, असे वेगवेगळे भाग. दगडांवर जन्मगाव कोरलेलं असतं. आयर्लंड, बव्हेरिया, स्वित्झर्लंड, इलिनॉय. साथीत गेलेल्या मुलांच्या कबरी एका ओळीत आहेत. चिनी माणसांना इथे तात्पुरतं पुरत आणि नंतर अस्थी काढून मायदेशी पाठवत. गावातले स्वयंसेवक दगड धुतात, पडलेले उभे करतात. दगडांवर कागद ठेवून ठसे घेऊ नका, हात टेकू नका. ते ठिसूळ झालेत. गाडी वरपर्यंत जाते.

हे सगळं टिकलं कसं, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. १८८३-८४ मध्ये ओरेगन अँड कॅलिफोर्निया रेल्वे खोऱ्यात आली आणि तिने सपाटीवरून सरळ मार्ग घेतला. रूळ ५ मैल पूर्वेला पडले, तिथे मेडफर्ड उभं राहिलं. रेल्वेने पैसे मागितले आणि गावाने नाकारले, असं सांगतात. पण नकाशा बघितला तर टेकडीला टेकलेल्या गावाकडे वळसा घालण्याचं रेल्वेला काहीच कारण नव्हतं. जॅक्सनव्हिलने त्याच सुमारास नवं, भव्य विटांचं कोर्ट बांधलं होतं. १८९१ मध्ये मेडफर्डपर्यंत छोटी जोडगाडीही सुरू केली. तिचंच ते स्टेशन. उपयोग झाला नाही. ती गाडी १९२० च्या दशकात बंद पडली आणि १९२७ मध्ये जिल्ह्याचं ठिकाणही मेडफर्डला गेलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत लोकांनी परसदारी विहिरीसारखे खड्डे खणून, रस्त्यांखाली बोगदे काढून पोटापुरतं सोनं शोधलं. पैसा नव्हता म्हणून कुणी जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या नाहीत.

पण निव्वळ गरिबीने गाव वाचत नाही. साठच्या दशकात गावातून चार पदरी रस्ता काढायचा बेत होता. तेव्हा रॉबर्टसन कॉलिन्स आणि इतर गावकरी उभे राहिले. त्यांनी इमारतींची नोंद केली, दर्जा मिळवला, रस्ता टाळला. पुढे टेकडीवरचं जंगलही लोकांनी तुकड्या-तुकड्याने विकत घेऊन राखलं, त्यातून आता चालायच्या वाटा आहेत. आपल्याकडे वाडे पडताना बघत मोठी झालेली मी, हे वाचून फार हलले.

राहण्या-खाण्याचं थोडक्यात. गावात जुन्या घरांतल्या खोल्या आहेत, महाग आहेत, पण एक रात्र तरी घ्या. सकाळी सातला रस्त्यावर कुणी नसतं, तेव्हा गाव सगळ्यात चांगलं दिसतं. स्वस्तात हवं असेल तर मेडफर्ड. शाकाहारी माणसांना पिझ्झा, सॅलड, सूप, पास्ता सहज मिळतं, त्यापलीकडे फारसं नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि इलेक्ट्रिक कुकर नेला होता, आई-बाबांची सोय झाली. हॉटेलं लवकर बंद होतात, आठच्या आत जेवून घ्या. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, तेव्हा कॅलिफोर्नियाकडून येणाऱ्यांनी खरेदी इथे करावी. नाशपाती ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतात.

महिन्यांचं म्हणाल तर फुलांसाठी एप्रिलअखेर-मे, घरं आतून बघायला जून, पानांच्या रंगांसाठी ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांपर्यंत जातो आणि वणव्यांचा धूर खोऱ्यात साठतो. दम्याचा त्रास असेल तर हवेची स्थिती बघितल्याशिवाय निघू नका, रद्द करता येईल अशीच खोली घ्या.

क्रेटर लेक इथून साधारण ८० मैल, पावणेदोन-दोन तास. ब्रिटने ऑगस्ट १८७४ मध्ये त्या तळ्याचे पहिले फोटो काढले. ओल्या काचेचा तो जमाना. काच तिथल्या तिथे रसायनात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि अंधाऱ्या तंबूत लगेच धुवायची. म्हणजे काचा, बाटल्या, तंबू, सगळं गाडीतून डोंगरावर न्यायचं. त्याचे फोटो लोकांपर्यंत पोचले आणि १९०२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. त्याची बाग बघून मग तळ्यावर जाण्यात म्हणूनच मजा आहे. मेमध्ये तिथे माणसापेक्षा उंच बर्फ असतो. काठाने फिरणारा रस्ता साधारण जुलैत पुरा उघडतो आणि उत्तरेचं दार मेमध्ये बहुधा बंदच असतं, तेव्हा ६२ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेकडूनच जा. रिम व्हिलेजपर्यंतचा रस्ता बर्फ काढून वर्षभर चालू ठेवतात. तळ्याच्या पाण्यापर्यंत उतरणारी एकमेव वाट दुरुस्तीसाठी बंद असू शकते, ते आधी तपासा. पेट्रोल मेडफर्ड किंवा ईगल पॉइंटला भरून घ्या, आणि मोजे दोन जोड जास्त घ्या, मुलं बर्फात शिरल्याशिवाय राहत नाहीत.